घंटी एकदाच दाबावी

आमच्या वृद्धनिवासात त्याचं नाव कोणी घेत नसे. सगळे त्याला 'बघतो-बघतो' म्हणत. अंघोळीचं पाणी गार येतंय असं सांगितलं की तो म्हणायचा, "बघतो, बघतो", आणि ते त्याचं काम नसतानाही खरंच बघायचा. चहाला बस म्हटलं की "बसतो, बसतो." दारावर टकटक दोनदा, लिफ्टचं बटण दोनदा, कुलूप लावल्यावर दोनदा ओढून पाहणार. हे कुठून आलं असं मी एकदा त्याच्या आईला विचारलं. त्या म्हणाल्या, "हातमोज्यांच्या कारखान्यात तीस वर्षं यंत्रांच्या आवाजात होते, कान गेले माझे. तो लहान होता तेव्हा एकदा बोललेलं मला कळायचं नाही. मग पोराला दोनदा बोलायची सवयच लागली."

तो सत्तेचाळीस वर्षांचा, बारीक, मान पुढे काढून चालणारा, एकटा. आमच्याकडे यंत्रांचं सगळं तोच पाही. त्याची बसायची जागा जिन्याखाली होती. तिथे एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि तारांची गुंडाळी, आणि माणूस उभा राहिला तर डोकं जिन्याला लागेल इतकंच छत. मी बारा नंबरच्या खोलीत राहते. यजमान गेल्यावर दोन वर्षांनी इथे आले. दुपारचा वेळ जात नसे, तेव्हा मी खाली त्याच्याकडे जाऊन बसायचे. त्यालाही समजावून सांगायला आवडे.

निवासात बत्तीस खोल्या आहेत. प्रत्येक पलंगाच्या उशाशी एक पांढरी डबी आणि तिच्यावर एक बटण. बटण दाबलं की डबी तारेवरून निरोप पाठवते. निरोप म्हणजे फक्त खोलीचा नंबर. जिन्याखालच्या कॉम्प्युटरवर त्याने लिहिलेला एक छोटासा प्रोग्रॅम दिवसभर त्या तारेला कान लावून बसलेला असे. त्याला तो सर्व्हर म्हणे. निरोप आला की सर्व्हर सिस्टरांच्या टेबलावरच्या फळ्यावर नंबर पेटवायचा, घंटा वाजवायचा आणि एका फाइलमध्ये तारीख, वेळ आणि खोली लिहून ठेवायचा. त्या फाइलला तो लॉग म्हणायचा. आमच्या व्यवस्थापक, ज्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो, त्या तिला पुरावा म्हणायच्या.

"काकू, बंद पडलेलं यंत्र सोपं," तो मला सांगायचा. "दोघंही चालू आहेत आणि तरी बोलणं होत नाही, ते अवघड. नवराबायकोचं असतं तसं."

"तुला रे काय ठाऊक नवराबायकोचं?"

"ऐकतो, ऐकतो."

त्याची तपासायची पद्धत ठरलेली होती. आधी पाहायचं, समोरचा जागा आहे का. मग दार उघडं आहे का. मग बोललेलं पोचतंय का. आणि शेवटी, पोचलेलं त्याला कळतंय का. घंट्या पहिल्यांदा बसवल्या त्या आठवड्यात एकही नंबर पेटत नव्हता, आणि त्याच्या स्वतःच्या टेबलावरून पाहिलं तर सगळं व्यवस्थित. दुसऱ्या दिवशी तो हसत वर आला. "काकू, तो फक्त स्वतःच्याच घरातलं ऐकत होता. बाहेरच्यासाठी दार आतून लावून बसला होता." एका ओळीत त्याने ते दार उघडलं. त्या दिवशी मोठ्या बाईंनी त्याला सगळ्यांसमोर शाबासकी दिली होती. तशी ती एकदाच मिळाली.

निवासात दोन खोल्या कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांसाठी राखून ठेवलेल्या आहेत. त्यातली एक अकरा नंबर, माझ्या शेजारची. तिथे त्याची आई राहत होती. कर्मचाऱ्याची नोकरी असेल तोवर त्या माणसाची खोली, असा नियम. म्हणून मोठ्या बाई त्याच्याशी कुठलंही बोलणं "तुमच्या आई मजेत आहेत ना?" असं विचारूनच सुरू करायच्या, आणि तो प्रत्येक वेळी मान आणखी थोडी पुढे काढायचा.

आमच्यातल्या काही जणी बटण सोडतच नसत. सात नंबरच्या बाई तर अंगठ्याने पुन्हा पुन्हा दाबत बसायच्या. सिस्टर वैतागल्या. तेव्हा त्याने प्रोग्रॅममध्ये अशी सोय केली की एका मिनिटात एकाच खोलीतून कितीही वेळा निरोप आला तरी तो एकच धरायचा. आणि मोठ्या बाईंनी प्रत्येक डबीखाली एक चिठ्ठी चिकटवून घेतली: घंटी एकदाच दाबावी. वाट पाहावी.

९ फेब्रुवारीला, मंगळवारी, जुन्या डब्या काढून नव्या बसवल्या. जुन्यांची बटणं अडकत होती. नव्या डब्या मोठ्या बाईंनीच निवडल्या. त्याने बत्तीसही खोल्यांत स्वतः जाऊन बटण दाबून पाहिलं, त्याच्या रीतीने, टक टक. बत्तीसही नंबर पेटले.

त्याच आठवड्यात माझ्या खोलीत काहीतरी वेगळं होऊ लागलं. माझा उजवा खांदा वर जात नाही, म्हणून पोलक्याची पाठीवरची बटणं लावायला मला सिस्टर लागते. मी घंटी दाबायचे आणि कोणी यायचं नाही. थोडं थांबून पुन्हा दाबली की लगेच यायची. शाळेत आम्हाला सिस्टरांनी शिकवलं होतं (त्या सिस्टर निराळ्या, पांढऱ्या झग्यातल्या) की दार एकदा वाजवावं आणि आतून हाक येईपर्यंत उभं राहावं. दोनदा वाजवणारी मुलगी तासभर बाहेर उभी राहायची. म्हणून घंटी दोनदा दाबल्याची मला शरम वाटे, आणि मी ते वहीत तसंच लिही: "आज पुन्हा दोनदा दाबली. उतावळेपणा."

चौदा नंबरमध्ये ड्रायव्हर राहत. चौतीस वर्षं त्यांनी लांब पल्ल्याची बस चालवली होती. त्यांचा डावा पाय गुडघ्यात वाकत नाही, म्हणून संडासला जायला त्यांना हात द्यावा लागतो. त्या पंधरवड्यात ते चार वेळा खुर्चीतच ओले झाले. चारही वेळा त्यांनी तक्रार केली. चौथ्या तक्रारीनंतर, २२ फेब्रुवारीला सकाळी साडेदहाला, मोठ्या बाईंनी आम्हा सगळ्यांना जेवणघरात बसवलं आणि ड्रायव्हरना समोर.

"काका, चारही दिवसांचा लॉग माझ्या हातात आहे. चौदा नंबर कुठेच नाही."

"नाही कसा? मी दाबली. दहा मिनिटं थांबलो, पुन्हा दाबली. मग पुन्हा दहा मिनिटांनी."

"म्हणजे तीनदा."

"चारदा."

"आणि चारही वेळा यंत्राला झोप लागली होती?"

जेवणघर हसलं. मी कपात पाहत होते, पण मीही हसले असेन.

"हसा," ड्रायव्हर म्हणाले. "ओले तुम्ही नाही झालात."

"काका, दिव्याचं बटण दाबलं असेल," सात नंबरच्या बाई म्हणाल्या. त्यांना घंटीचा कधीच त्रास झाला नव्हता.

"बाई, चौतीस वर्षं बस चालवलीये. हॉर्न कुठला आणि ब्रेक कुठला मला कळतं."

"कळत होतं," मोठ्या बाई म्हणाल्या.

मग त्यांनी बघतो-बघतोला पुढे बोलावलं. तुमच्या आई मजेत आहेत ना, असं विचारलं. त्या तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या, तरी विचारलं. मग म्हणाल्या, "तुम्ही सांगा. बटण दाबलंय आणि लॉगमध्ये आलं नाही, असं होऊ शकतं का? होत असेल तर आपण बाहेरची कंपनी आणू. माझं काही म्हणणं नाही."

"मी सकाळीच चौदा नंबरात तपासलं, मॅडम. चालू आहे, चालू आहे."

"हो की नाही, तेवढं सांगा."

त्याने आईकडे पाहिलं. त्या कानामागे हात धरून ऐकत होत्या. "लॉगमध्ये नाही म्हणजे दाबलं नाही," तो म्हणाला. हे वाक्य मात्र तो एकदाच बोलला.

त्याची आई उठून उभ्या राहिल्या. बहिऱ्या माणसांचा असतो तसा त्यांचा आवाज मोठा होता. "अहो ड्रायव्हर, चूक होते माणसाच्या हातून. मान्य करावी. माझा मुलगा खोटं लिहीत नाही."

"मुलगा नसेल लिहीत, ताई. तुम्ही कधी दाबलीये का ती घंटी?"

"मला लागतच नाही. मी कोणाला त्रास देत नाही."

माझी वही वर खोलीत होती, आणि त्या दोन आठवड्यांत तिच्यात नऊ वेळा 'दोनदा' लिहिलेलं होतं. मी बोलले नाही. चारचौघांत स्वतःच्या उतावळेपणाची कबुली कशाला, असं वाटलं. त्यापेक्षा चांगलं कारण मी पुष्कळ शोधलं. मिळालं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. त्यांनी ड्रायव्हरना विचारलं, आज वार कोणता. ड्रायव्हर संतापलेले होते, ते बोललेच नाहीत. डॉक्टरांनी लिहिलं, उत्तर देता आलं नाही. त्यांच्या मुलीने फोनवरून संमती दिली. बुधवारी त्यांना तिसऱ्या मजल्यावर, भान सुटलेल्यांत नेलं. तिथल्या दारांना कड्या बाहेरून आहेत.

पाच आठवडे गेले. जे बटण सोडत नसत त्यांचं सगळं वेळेवर होत होतं. जे चिठ्ठी वाचून वागत होते ते हळूहळू घंटीचं नाव घेईनासे झाले. तक्रारी थांबल्या. मोठ्या बाई म्हणाल्या, बघा, एक माणूस हलवला आणि सगळं सुरळीत झालं.

३० मार्चच्या माझ्या वहीत असं आहे: "दुपार शांत गेली. रेडिओवर जुनी गाणी लागली होती. डोळा लागला." त्या वेळी भिंतीच्या पलीकडे त्याची आई जमिनीवर पडलेल्या होत्या.

त्यांचं पोट बिघडलं होतं, चक्कर येत होती. इथे आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी घंटी दाबली, पावणेदोन वाजता. चिठ्ठीत लिहिलंय तशी एकदाच. मग वाट पाहिली. तास होऊन गेल्यावर त्या भिंतीला धरून उठल्या आणि न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. साडेचारला चहावाली ट्रे घेऊन आली तेव्हा सापडल्या. त्या ओरडल्या असणार, पण जेवणानंतर आम्ही सगळे दारं लावून घेतो.

लॉगमध्ये अकरा नंबर नव्हता. मोठ्या बाईंनी त्या दुपारचं पान छापून त्याच्या टेबलावर ठेवलं. "मी काही बोलत नाही," त्या म्हणाल्या. "तुमचंच यंत्र बोलतंय."

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर हॉस्पिटलात गेले. तो आईच्या कानाशी वाकला.

"आई, तू घंटी दाबली होतीस का? दाबली होतीस का?"

"दाबली की."

"नक्की?"

"अरे, तीस वर्षं या अंगठ्याने शिवण चाचपली. खट्ट झालेलं त्याला कळत नाही होय?"

"लॉगमध्ये नाही, आई. नाही."

त्यांनी आपला अंगठा डोळ्यांसमोर धरला. मग म्हणाल्या, "नाही म्हणतोस?"

"नाही, नाही."

"मग नसेन दाबली." आणि त्यांनी तो हात चादरीखाली घेतला.

३ एप्रिलला, शनिवारी, सकाळी त्याने माझं दार वाजवलं. दोनदा. आत येऊन उभाच राहिला.

"काकू, आईला कधी असा भ्रम होत नाही. ती दाबली म्हणते म्हणजे दाबली असणार."

"ड्रायव्हरही म्हणत होते."

"तेव्हा मला असं वाटलं नव्हतं."

"तेव्हा ती तुझी आई नव्हती," मी म्हटलं. म्हणायला नको होतं, पण खोटं नव्हतं.

तो उशाकडच्या डबीकडे वळला. मग विचारलं, "तुमची घंटी चालते?" मी कपाटातून वही काढून त्याच्या हातात दिली. ९ फेब्रुवारीपासून पुढे तो उभ्याउभ्या बोट ठेवून वाचत गेला.

"काकू, इथे सगळीकडे 'दोनदा' आहे."

"शरमेची गोष्ट आहे. म्हणून लिहिली."

"आणि इथे 'एकदा' लिहिलंय, १९ तारखेला?"

"त्या दिवशी शहाण्यासारखं वागायचं ठरवलं होतं. पुढे वाच. कोणी आलं नाही. पाठ उघडी टाकून जेवायला गेले, वर शाल घेऊन."

त्याने वही पलंगावर ठेवली. माझ्या उशाकडे वाकून अंगठ्याने बटण दाबलं. अंगठा आपोआप पुन्हा खाली निघाला, तेव्हा त्याने दुसऱ्या हाताने तो धरला. तसाच आपलाच हात धरून तो उभा राहिला. आम्ही घड्याळ पाहिलं. दहा मिनिटं झाली. कोणी आलं नाही.

बत्तीस डब्या तपासताना, चौदा नंबर पुन्हा पुन्हा तपासताना, त्याने एकदाही एकदा दाबून पाहिलं नव्हतं.

तो जिन्याखाली गेला. तारेवरून काय जातंय ते अक्षर न अक्षर दाखवणारा एक प्रोग्रॅम त्याच्याकडे होता, तो लावला. मी वरून बटण दाबून, कठड्याला धरत खाली गेले. पडद्यावर माझा बारा आलेला होता.

"काकू, तुमच्या शाळेत पूर्णविराम कुठे द्यायला शिकवलं?"

"वाक्याच्या शेवटी. दुसरीकडे कुठे देणार?"

"या डब्या आधी देतात," तो म्हणाला. "आधी."

मग त्याने समजावलं. तशातही समजावताना त्याचा आवाज नेहमीसारखाच होता. प्रत्येक निरोपाच्या शेवटी एक खूण असते, निरोप संपल्याची. ती दिसेपर्यंत सर्व्हर थांबतो, कारण निरोप तुकड्यातुकड्यानेही येऊ शकतो. जुन्या डब्या आधी नंबर आणि मग खूण पाठवायच्या. नव्या डब्या आधी खूण पाठवतात, मग नंबर. म्हणजे पहिल्या दाबण्याला सर्व्हरला आधी नुसता पूर्णविराम मिळायचा. तो रिकामा निरोप समजून त्याने सोडून द्यायचा, असं यानेच लिहिलं होतं. मागून नंबर यायचा आणि शेवटाची वाट पाहत उभा राहायचा. दुसऱ्यांदा दाबलं की दुसऱ्या निरोपाचा पूर्णविराम पहिल्याला मिळायचा आणि घंटा वाजायची. तीन मिनिटांत दुसरं दाबणं आलं नाही तर डबी लाइन सोडायची, आणि लाइन सुटली की अपुरा राहिलेला निरोप सर्व्हर पुसून टाकायचा. लॉगमध्ये फक्त पुरे झालेले निरोप लिहिले जात.

"म्हणजे त्या दिवशी ताईंचा नंबर आत आला होता?"

"आला होता. तीन मिनिटं उभा होता." त्याने चष्मा काढला आणि पुन्हा घातला. "मग मी पुसला."

दुरुस्ती एका ओळीची होती. दोन अंक आले की निरोप पुरा धरायचा (सात नंबरही शून्य-सात असाच येतो), कशाची वाट पाहायची नाही. मी जिना चढून वर पोचायच्या आत झाली. बटण एकदा दाबलं, सिस्टर पदराला हात पुसत दारात हजर.

सोमवारी तो मोठ्या बाईंकडे गेला. मी वही घेऊन बरोबर गेले.

"तुमच्या आई बऱ्या आहेत ना आता?"

त्याने सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "दुरुस्त झालं ना? मग उत्तम."

"ड्रायव्हरकाकांना खाली आणायला हवं, मॅडम. ते खरं बोलत होते. खरं बोलत होते."

"तुम्ही वर गेला होतात का इतक्यात? जाऊन या. काल त्यांनी सिस्टरला विचारलं, मागच्या दाराची माणसं उतरली का." त्यांनी टेबलावरचे कागद सरळ केले. "आता खरंच झालंय ना त्यांचं तसं? मग आपली चूक कुठे झाली? थोडी लवकर झाली, एवढंच."

त्याने मान आणखी थोडी पुढे काढली.

"हे कुठे लिहायचं नाही. लॉगमध्ये नाही, दुरुस्तीच्या रजिस्टरमध्ये नाही. लिहिलंत तर त्यांची मुलगी विचारायला येईल, मग बाहेरची कंपनी येईल, मग तुम्ही जाल आणि अकरा नंबर रिकामा करावा लागेल. खुबा मोडलेली आई कुठे नेणार? आणि काकू," त्या माझ्याकडे वळल्या, "वही ही खासगी गोष्ट. जपून ठेवावी."

"हो, हो," तो म्हणाला. मी वही पदराखाली घेतली.

तो तिसऱ्या मजल्यावर जाऊन आला. काय झालं ते मी विचारलं. "खिडकीशी बसले होते. मला म्हणाले, बसा, पाच मिनिटांत सुटते."

१६ एप्रिलला, शुक्रवारी, त्याच्या आईला परत आणलं. आता त्यांना पलंगावरून हलता येत नव्हतं. पण त्यांचं खरं मोडलेलं होतं ते दुसरंच. पाणी प्यायल्या की विचारायच्या, "मी आत्ता पाणी प्यायले ना?" गोळी घेतल्यावर तोंड उघडून सिस्टरला दाखवायच्या. मी शेजारी बसले की म्हणायच्या, "मी काही चुकीचं बोलले तर सांगत जा हं. मला आता कळत नाही." ज्या बाईने तीस वर्षं अंगठ्याखालच्या एका टाक्याचा अंदाज चुकवला नव्हता, त्या अंगठा पुढे करून मला विचारायच्या, "हा हलतोय ना?"

दुसऱ्या दिवशी त्याला ते बघवेना. दार लावून घेऊन तो त्यांच्या कानाशी बसला.

"आई, तू दाबली होतीस. तू दाबली होतीस. माझ्या प्रोग्रॅमची चूक होती."

"बरं, बरं." त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "मग दाखव."

त्याने डबी त्यांच्या हातात दिली. त्यांनी एकदा दाबली. त्यांचा अंगठा उचलला जायच्या आत सिस्टर दारात. "काय हवंय, ताई?"

"काही नाही ग. जा." त्या मुलाकडे वळल्या. "एकदाच दाबली. आली की."

"आता दुरुस्त केलंय, आई. म्हणून आली."

"कधी केलंस?"

"तीन तारखेला. तीन तारखेला."

"कुठे लिहिलंयस?"

तो चादरीची कड सरळ करू लागला.

"तू सगळं लिहून ठेवतोस. लिहिलं नाहीस म्हणजे झालं नाही."

"आई, मी पुन्हा पूर्वीसारखं करून दाखवतो. आत्ता, आत्ता."

"चालतं यंत्र बिघडवणार? कशासाठी, माझी समजूत काढायला?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी जाऊन वही आणली आणि मोठ्याने वाचली, १० फेब्रुवारीपासून, सगळे एकदा आणि सगळे दोनदा. त्यांनी कानामागे हात धरून नीट ऐकलं. मग माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "तुम्ही चांगल्या आहात. मला बरं वाटावं म्हणून दोघांनी मिळून ठरवलंत. पण एवढं खरं होतं तर तेव्हा जेवणघरात का नाही बोललात?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि उत्तर नाही म्हटल्यावर त्यांची खात्रीच पटली.

"त्या ड्रायव्हरना मी सगळ्यांदेखत बोलले, चूक मान्य करा म्हणून," त्या म्हणाल्या. "आता माझ्या वेळेला मी मात्र दाबलीच होती म्हणायचं? मुलगा इथे नोकरीला आहे म्हणून? ते नाही व्हायचं. मला वर न्या."

"आई, वर नको. वर नको."

"दोनदा म्हणू नकोस. ऐकू आलं मला."

सोमवारी, १९ एप्रिलला, त्यांनी मोठ्या बाईंना स्वतःच बोलावून सांगितलं. बाई म्हणाल्या, "तुमच्यासारखी समजूतदार माणसं फार कमी असतात, ताई." दुपारी डॉक्टर आले, त्यांनी वार विचारला. त्या म्हणाल्या, "सोमवार असावा. पण माझ्यावर विसंबू नका." डॉक्टरांनी दुसरं वाक्यच तेवढं लिहून घेतलं.

त्यानेच चाकांचा पलंग लिफ्टपर्यंत ढकलत नेला. लिफ्टचं बटण किती वेळा दाबलं ते मी पाहिलं नाही.

तिसऱ्या मजल्यावर घंट्या नाहीत. तिथे दाबणार कोण, असं म्हणून बसवल्याच नव्हत्या. तो रोज दुपारी वर जातो आणि आत जाण्याआधी दार वाजवतो. आतून कोणाला उघडता येत नाही, आणि त्यांना तर ऐकूही येत नाही. मग कडी काढून आत जातो. त्या त्याला ओळखतात, पण दरवेळी आधी सिस्टरकडे बघून विचारून घेतात.

अकरा नंबरात आता स्वयंपाकघरातल्या मुकादमाच्या आई राहतात. चिठ्ठी अजून तिथेच आहे. त्या घंटी एकदाच दाबतात, आणि सिस्टर लगेच येते.